आपल्या चुका ओळखू या

ठाण्याहून कल्याणला जाणाऱ्या लोकल गाडीत कधी बसलात, तर आजूबाजूला किती भाषा ऐकू येतात ते मोजून पाहा. कोणी मराठीत बोलत असते, कोणी उर्दूत, कोणी हिंदीत. कोणी सिंधी, गुजराती किंवा तमिळ बोलत असते. भारतातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५४ मध्ये, हा रेल्वेमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. पुढे या मार्गालगत गिरण्या, कारखाने आणि बाजार वाढले. कामधंद्यासाठी दूरदूरचे लोक येऊन राहिले आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या भाषाही आल्या.

महाराष्ट्रात उर्दू ही मातृभाषा असणारे लोकही पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेत अशा लोकांची संख्या सुमारे ७५ लाख होती. मुंब्रा, भिवंडी, कल्याण या भागांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. तेथील मुले घरी उर्दू बोलतात, शाळेतील विषयही उर्दूतच शिकतात. मराठी त्यांची दुसरी भाषा असते. बाजारात, बसमध्ये, बँकेत आणि सरकारी कचेरीत मात्र त्यांना मराठीची गरज पडते. अशा वेळी काही चुका होतात. कोणी ‘माझी आवाज’ म्हणतो, कोणी ‘ठाणे मध्ये’ म्हणतो, तर कोणी ‘काल मी येईन’ असे सांगतो. ऐकणारे हसतात. मग तो मुलगा किंवा ती मुलगी मनात ठरवते, की आता मराठीत बोलायचेच नाही.

असे गप्प बसणे हे चुकीपेक्षा जास्त नुकसानीचे आहे. चुका का होतात हे कळले, तर त्या सुधारणे फारसे अवघड नसते. शिवाय सगळ्या चुका सारख्या नसतात. काही चुकांनी ऐकणाऱ्याला फक्त हसू येते. काही चुकांनी मात्र बोलण्याचा अर्थच बदलतो. कोणती चूक आधी सुधारावी, हे त्यावरून ठरवता येते.

चुका सर्वांच्याच होतात

दुसरी भाषा शिकताना आपण आपली मातृभाषा बाजूला ठेवून येत नाही. तिच्या सवयी आपल्याबरोबर येतात. ही गोष्ट जगभर दिसते.

युरोपात चेक नावाची भाषा आहे. ती बोलणारे लोक इंग्रजी शिकतात, तेव्हा काय होते पाहा. इंग्रजीत नामाच्या आधी ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’ हे छोटे शब्द लावावे लागतात. चेक भाषेत असे शब्दच नाहीत. म्हणून चेक माणूस इंग्रजी बोलताना ते गाळतो. मराठीत आणि उर्दूतही असे शब्द नाहीत. म्हणून ‘आय हॅव अ पेन’ऐवजी ‘आय हॅव पेन’ असे आपणही म्हणतो. चेक मुलाची आणि आपली चूक एकच आहे, कारण तिचे कारण एकच आहे.

चेक भाषेत ‘आक्तुआल्नी’ असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ ‘सध्याचा’ असा आहे. इंग्रजीत त्याच्यासारखाच दिसणारा ‘ॲक्चुअल’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘खरा, प्रत्यक्ष’ असा आहे. चेक विद्यार्थ्याला वाटते, हा तर आपल्या ओळखीचा शब्द! आणि तो फसतो. शब्द सारखा आणि अर्थ वेगळा, असे मराठी आणि उर्दू यांच्यातही पुष्कळ वेळा घडते. ते आपण पुढे पाहू.

म्हणजे चूक होणे हे बुद्धी कमी असल्याचे लक्षण नाही. आपल्याला आधीपासून एक भाषा चांगली येते, याची ती खूण आहे.

‘आवाज’ तो की ती?

उर्दूत दोन लिंगे आहेत, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. मराठीत तीन आहेत, पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग. मराठीत ‘तो रस्ता’, ‘ती गाडी’, ‘ते घर’ असे म्हणतात. यातील ‘ते’ उर्दू बोलणाऱ्याला नवे असते. उर्दूत घर, शहर, पानी, दूध हे सगळे शब्द पुल्लिंगी आहेत. मराठीत घर, शहर, पाणी, दूध हे नपुंसकलिंगी आहेत. म्हणून ‘मोठा घर’ नव्हे, तर ‘मोठे घर’. ‘थंडा पाणी’ नव्हे, तर ‘थंड पाणी’ आणि ‘गार झालेले पाणी’.

यापेक्षाही जास्त फसवणारे काही शब्द आहेत. ते दोन्ही भाषांत आहेत, अर्थही एकच आहे, पण लिंग वेगळे आहे.

‘आवाज’ उर्दूत स्त्रीलिंगी आहे, मराठीत पुल्लिंगी आहे.
चूक : तुमची आवाज ऐकू येत नाही.
बरोबर : तुमचा आवाज ऐकू येत नाही.

‘दुकान’ उर्दूत स्त्रीलिंगी आहे, मराठीत नपुंसकलिंगी आहे.
चूक : त्यांची दुकान बंद झाली.
बरोबर : त्यांचे दुकान बंद झाले.

‘नाक’ आणि ‘मेज’ हे शब्दही असेच आहेत. उर्दूत ते स्त्रीलिंगी आहेत, मराठीत नपुंसकलिंगी आहेत. उलट इमारत, जमीन, किंमत, तारीख, मदत हे शब्द दोन्ही भाषांत स्त्रीलिंगी आहेत. तेथे तुमची उर्दू तुम्हांला मदतच करते.

हीच चूक उलट बाजूनेही होते. मराठी बोलणारी माणसे उर्दू किंवा हिंदी बोलताना ‘मेरा आवाज’ म्हणतात आणि उर्दू बोलणाऱ्यांना हसू येते. तेव्हा दोघांनीही एकमेकांना थोडे सांभाळून घ्यावे.

लिंग लक्षात ठेवण्याचा एक सोपा उपाय आहे. नवा शब्द एकटा पाठ करू नका. त्याच्याबरोबर तो, ती किंवा ते जोडून पाठ करा. ‘तो आवाज’, ‘ती इमारत’, ‘ते दुकान’, ‘ते तिकीट’. शब्द आठवला, की त्याचे लिंगही आपोआप आठवते.

स्टेशनांच्या नावांतून व्याकरण

ठाण्याहून निघालेली धीमी गाडी कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली या स्टेशनांवर थांबत कल्याणला पोहोचते. ही नावे तुम्हांला पाठ असतील. त्यांतून मराठी व्याकरणातील एक महत्त्वाची गोष्ट शिकता येते.

उर्दूत ‘में’, ‘को’, ‘से’ हे शब्द नामाच्या पुढे वेगळे लिहितात. मराठीत ‘त’, ‘ला’, ‘हून’ हे प्रत्यय नामाला जोडून लिहितात. प्रत्यय जोडताना नामाचे रूप पुष्कळदा बदलते. या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात.

ज्या नावांच्या शेवटी ‘आ’ आहे ती पाहा. कळवा, मुंब्रा, दिवा. यांची रूपे कळव्यात, मुंब्र्यात, दिव्यात अशी होतात. ‘मुंब्रामध्ये’ असे म्हटले तर अर्थ कळतो, पण मराठी कानाला ते खटकते. ‘मी मुंब्र्यात राहतो’, ‘मी मुंब्र्याहून आलो’ असे म्हणावे.

ज्या नावाच्या शेवटी ‘ए’ आहे ते पाहा. ठाणे. त्याचे ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून असे होते. पुणे याचेही पुण्यात, पुण्याला, पुण्याहून असेच होते.

ज्या नावांच्या शेवटी ‘ई’ आहे ती सोपी आहेत. डोंबिवली, ठाकुर्ली, भिवंडी. त्यांत बदल होत नाही. डोंबिवलीत, ठाकुर्लीला, भिवंडीहून.

कोपर आणि कल्याण यांच्या शेवटी ‘अ’ आहे. गावाचे नाव असेल, तर ‘कोपरला’, ‘कल्याणला’, ‘कल्याणहून’ असे म्हणतात. पण ‘कल्याण’ या शब्दाचा दुसरा अर्थ ‘भले’ असा आहे. त्या अर्थाने ‘लोकांच्या कल्याणासाठी’ असे रूप होते. कारण ते गावाचे नाव नाही, साधे नाम आहे. घर – घराला, हात – हाताला हीदेखील तशीच साधी नामे आहेत.

आता लिंगाचा उपयोग कसा होतो ते पाहा. ‘दरवाजा’ आणि ‘शाळा’ या दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘आ’ आहे. पण दरवाजा पुल्लिंगी आहे, म्हणून ‘दरवाजात’ होते. शाळा स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘शाळेत’ होते. लिंग माहीत असेल, तर सामान्यरूपही बरोबर येते.

हा बदल तुम्हांला अगदी अनोळखी नाही. उर्दूतही ‘दरवाज़ा’चे ‘दरवाज़े में’ होते आणि ‘आगरा’चे ‘आगरे में’ होते. चेक भाषेत तर राजधानीचे नावही बदलते. प्राग शहराला चेक लोक ‘प्रहा’ म्हणतात, पण ‘प्रागमध्ये’ असे म्हणायचे असले, की ‘प्रहा’चे ‘प्रझे’ होते. उर्दूत हा बदल थोड्या शब्दांत होतो, मराठीत बहुतेक शब्दांत होतो, एवढाच फरक आहे.

जीभ कोठे टेकवावी?

आपण ज्या स्टेशनांची नावे घेतली, त्यांत उर्दूत नसलेली दोन अक्षरे आहेत. ‘कळवा’ या नावात ‘ळ’ आहे. ‘ठाणे’ आणि ‘कल्याण’ या नावांत ‘ण’ आहे. उर्दू लिपीत या आवाजांसाठी अक्षरे नाहीत. म्हणून ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. त्यामुळे कधी कधी अर्थ बदलतो.

वेल म्हणजे झाडावर चढणारी नाजूक वनस्पती, वेळ म्हणजे वक़्त.
काल म्हणजे आजच्या आधीचा दिवस, काळ म्हणजे ज़माना.
कोन हा भूमितीत असतो, कोण हा प्रश्न विचारण्याचा शब्द आहे.
खान हे आडनाव आहे, खाण म्हणजे जमिनीतून कोळसा किंवा धातू काढण्याची जागा.

‘ळ’ म्हणताना जिभेचे टोक मागे वळवा. उर्दूतील ‘पहाड़’ या शब्दातला ‘ड़’ म्हणताना जीभ जेथे जाते, तेथेच ती नेऊन ‘ल’ म्हणण्याचा प्रयत्न करा. ‘ण’ तर तुम्ही रोज उच्चारता, पण तुमच्या लक्षात आलेले नसते. ‘ठंडा’, ‘अंडा’, ‘घंटा’ हे शब्द सावकाश म्हणून पाहा. त्यांत ‘ड’ आणि ‘ट’ यांच्या आधी नाकातून येणारा जो आवाज आहे, तो ‘ण’च आहे. तोच आवाज ‘ठाणे’ म्हणताना वापरा.

मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. लिहिताना मात्र अक्षर एकच असते. ‘चार’, ‘चिमणी’, ‘चेहरा’ यांतला ‘च’ उर्दूसारखाच आहे. ‘चोर’, ‘चाक’, ‘चूल’ यांतला ‘च’ वेगळा आहे. तो म्हणताना ‘त’ आणि ‘स’ एकत्र म्हटल्यासारखे वाटते. ‘ज’च्या बाबतीत तुमची उर्दू तुमच्या उपयोगी पडते. उर्दूत जीम आणि ज़े अशी दोन अक्षरे आहेत. ‘जीवन’, ‘जेवण’ यांतला ‘ज’ जीमसारखा आहे. ‘जमीन’, ‘बाजार’, ‘मजा’, ‘रोज’ यांतला ‘ज’ ज़ेच्या जवळचा आहे. फक्त तो म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवावे लागते. अक्षराच्या पुढे इ, ई, ए किंवा य असेल, तर बहुधा पहिलाच उच्चार करावा. बाकी ठिकाणी मराठी बोलणाऱ्यांचे ऐकून शिकावे.

उच्चार थोडा चुकला, तरी बहुतेक वेळा काम अडत नाही. ‘कलवा’ म्हटले, तरी कळव्याचे तिकीट मिळते. तेव्हा उच्चाराच्या भीतीने बोलणे थांबवू नका. सराव करत राहा.

छोटे शब्द, मोठा फरक

काही छोट्या शब्दांकडे मात्र नीट लक्ष द्यावे लागते.

उर्दूत ‘कल’ हा शब्द मागच्या दिवसासाठीही आहे आणि पुढच्या दिवसासाठीही आहे. क्रियापदावरून अर्थ कळतो. मराठीत मागचा दिवस म्हणजे ‘काल’ आणि पुढचा दिवस म्हणजे ‘उद्या’. म्हणून ‘काल मी येईन’ हे चूक आहे. ‘उद्या मी येईन’ असे म्हणावे. मजेची गोष्ट अशी, की उर्दूतील ‘परसों’प्रमाणे मराठीतील ‘परवा’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. ‘परवा तो आला’ आणि ‘परवा तो येईल’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत.

उर्दूत ‘हम’ हा एकच शब्द आहे. मराठीत त्यासाठी दोन शब्द आहेत. ऐकणारा माणूस आपल्यात धरायचा नसेल, तर ‘आम्ही’ म्हणतात. त्यालाही धरायचे असेल, तर ‘आपण’ म्हणतात. समजा, तुमच्या घरी मराठी बोलणारे पाहुणे आले आहेत. जेवण तयार आहे. तुम्ही त्यांना म्हणालात, “चला, आम्ही जेवायला बसतो.” पाहुण्यांना वाटेल, की ही मंडळी जेवायला बसत आहेत, म्हणजे आता आपण निघावे! तुम्हांला म्हणायचे होते, “चला, आपण जेवायला बसू.” एका शब्दाने आमंत्रणाचा निरोप झाला.

‘ने’ हा प्रत्यय दोन्ही भाषांत आहे. उर्दूत ‘मैंने रोटी खाई’ असे म्हणतात. म्हणून काही मुले ‘मीने पोळी खाल्ली’ म्हणतात. मराठीत मी, तू, आम्ही, तुम्ही यांना ‘ने’ लागत नाही. ‘मी पोळी खाल्ली’, ‘तू पाणी प्यायलास’ असे म्हणावे. ‘उसने कहा’ याचे ‘त्याने म्हणाला’ असे होत नाही. ‘तो म्हणाला’ असे होते. ‘मैंने मराठी सीखी’ याचे मुलगा ‘मी मराठी शिकलो’ आणि मुलगी ‘मी मराठी शिकले’ असे म्हणते.

ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ

आता सर्वांत महत्त्वाच्या चुकांकडे वळू.

इ. स. १३४७ मध्ये दक्षिणेत बहमनी राज्य स्थापन झाले. त्यानंतर निजामशाही, आदिलशाही अशी राज्ये झाली. त्यांच्या कारभारात फारसी भाषेचा मोठा वापर होता. त्यामुळे मूळचे अरबी आणि फारसी असे शेकडो शब्द मराठीत आले. उर्दूतही तेच शब्द आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात कारभारातील अशा शब्दांना संस्कृत शब्द देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. तरीही पुष्कळ शब्द लोकांच्या बोलण्यात टिकून राहिले. फारसीचे अभ्यासक आणि मराठी कवी माधव त्रिंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. हजर, अर्ज, कागद, बाजार, किल्ला, हिशेब असे हे शब्द आज कोणालाच परके वाटत नाहीत. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना ते न शिकताच येतात.

पण काही शब्दांनी मराठीत आल्यावर आपला अर्थ बदलला. ते शब्द दिसतात ओळखीचे, पण सांगतात वेगळेच. शाळेत आणि कचेरीत हेच शब्द वारंवार भेटतात.

दाखला : उर्दूत ‘दाख़िला’ म्हणजे शाळेत नाव घालणे. मराठीत त्याला ‘प्रवेश’ म्हणतात. मराठीत ‘दाखला’ म्हणजे प्रमाणपत्र. उदाहरणार्थ, शाळा सोडल्याचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. समजा, एखादा मुलगा नव्या शाळेच्या कार्यालयात जाऊन म्हणाला, “मला दाखला पाहिजे.” तेथील माणसाला वाटेल, की हा शाळा सोडून चालला आहे. मुलगा आला आहे प्रवेशासाठी!

रजा : उर्दूत ‘रज़ा’ म्हणजे मर्जी, संमती. मराठीत ‘रजा’ म्हणजे कामावरून घेतलेली सुट्टी. ‘रजेचा अर्ज’ म्हणजे सुट्टीचा अर्ज.

मुदत : उर्दूत ‘मुद्दत’ म्हणजे पुष्कळ मोठा काळ. मराठीत ‘मुदत’ म्हणजे ठरवून दिलेली वेळ. ‘अर्ज भरण्याची मुदत सोमवारी संपेल’ अशी सूचना फलकावर लिहिलेली असेल, तर सोमवारनंतर अर्ज घेतला जाणार नाही. हा शब्द न कळल्यामुळे परीक्षेचा अर्ज राहून गेला, तर एक वर्ष वाया जाऊ शकते.

खुलासा : उर्दूत ‘ख़ुलासा’ म्हणजे सारांश. मराठीत ‘खुलासा’ म्हणजे स्पष्टीकरण. ‘गैरहजर का होता, याचा खुलासा करा’ असे पत्र आले, तर त्यात सारांश मागितलेला नसतो, कारण मागितलेले असते.

हरकत : उर्दूत ‘हरकत’ म्हणजे हालचाल किंवा एखादे कृत्य. मराठीत ‘हरकत’ म्हणजे विरोध, आक्षेप. ‘माझी काही हरकत नाही’ म्हणजे ‘मला चालेल’.

मुलाखत : उर्दूत ‘मुलाक़ात’ म्हणजे भेट. मराठीत ‘मुलाखत’ म्हणजे नोकरीसाठी किंवा वर्तमानपत्रासाठी प्रश्न विचारून घेतलेली भेट. मित्राची आपण ‘भेट’ घेतो, ‘मुलाखत’ घेत नाही.

तक्रार : उर्दूत ‘तकरार’ म्हणजे वाद, भांडण. मराठीत ‘तक्रार’ म्हणजे अन्यायाबद्दल किंवा गैरसोयीबद्दल सांगणे. ‘नळाला पाणी येत नाही’ हे नगरपालिकेला कळवले, तर ती तक्रार झाली. तेथे भांडण झालेले नसते.

राजीनामा : उर्दूत ‘राज़ीनामा’ म्हणजे दोन पक्षांत झालेली समजूत. मराठीत ‘राजीनामा’ म्हणजे नोकरी किंवा पद सोडत असल्याचे पत्र. उर्दूत त्याला ‘इस्तीफ़ा’ म्हणतात. दोन भागीदारांचा वाद मिटला आणि त्यांतला एक जण म्हणाला, “आम्ही राजीनामा दिला,” तर ऐकणाऱ्याला वाटेल, की दोघांनीही धंदा सोडला.

शिकस्त : उर्दूत ‘शिकस्त’ म्हणजे हार. मराठीत ‘शिकस्त करणे’ म्हणजे शेवटपर्यंत प्रयत्न करणे. ‘खेळाडूंनी प्रयत्नांची शिकस्त केली’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रात वाचले, तर ते हरले असे समजू नका. ते कदाचित जिंकलेही असतील.

‘माझी आवाज’ म्हटले, तर फार तर कोणी हसेल. पण मुदत, दाखला, खुलासा या शब्दांचा अर्थ चुकला, तर काम बिघडते, वेळ जातो, कधी संधीही जाते. तोंडी बोलताना ऐकणारा आपल्याला विचारू शकतो. लिहिलेल्या अर्जाला आणि फलकावरच्या सूचनेला असे विचारता येत नाही. म्हणून अर्थाच्या चुका सर्वांत आधी सुधाराव्यात. त्यानंतर आम्ही–आपण, काल–उद्या यांसारखे छोटे शब्द घ्यावेत. मग लिंग आणि सामान्यरूप यांचा सराव करावा. उच्चार रोजच्या बोलण्याने हळूहळू सुधारतात.

हे करून पाहा

एक लहान वही करा. तिच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात मराठी शब्द लिहा. दुसऱ्यात त्याचा मराठीतील अर्थ लिहा. तिसऱ्यात उर्दूतील तसाच शब्द आणि त्याचा अर्थ लिहा. रेल्वे स्टेशन, दवाखाना, बँक, पोस्ट आणि शाळेचा फलक येथे मराठी सूचना लिहिलेल्या असतात. रोज एक सूचना पूर्ण वाचा. ओळखीचा शब्द दिसला, तरी एकदा थांबा आणि स्वतःला विचारा, की हा शब्द येथे उर्दूतील अर्थाने आला आहे, की वेगळ्या अर्थाने? शंका आली, तर शिक्षकांना विचारा किंवा शब्दकोश पाहा.

तुमच्या शेजारी मराठी बोलणारे कुटुंब असेल, तर त्यांच्याशी मराठीत बोला. चूक झाली तर सांगा, असे त्यांना आधीच सांगून ठेवा. त्यांच्या मुलांना उर्दूतील ‘क़लम’ आणि ‘ग़ज़ल’ यांचे उच्चार तुम्ही शिकवा. तेव्हा त्यांच्याही जिभा अडखळतील आणि तुम्हांलाही थोडे हसायला मिळेल. अशा शेजाऱ्यांत भाषा लवकर शिकली जाते.

मराठी आणि उर्दू या एकाच कुळातल्या भाषा आहेत. त्यांचे पुष्कळ शब्द सारखे आहेत, वाक्याची रचनाही बरीच सारखी आहे. म्हणून मराठी शिकताना तुमचा अर्धा रस्ता आधीच झालेला असतो. उरलेल्या रस्त्यावर काही ठिकाणी पाय घसरतो. ती ठिकाणे आज आपण पाहिली. आता न घाबरता पुढे चाला.

स्वाध्याय

१. चेक विद्यार्थी इंग्रजी बोलताना ‘अ’ आणि ‘द’ हे शब्द का गाळतात?

२. पुढील वाक्ये दुरुस्त करून लिहा.
(अ) माझी आवाज बसली आहे.
(आ) काल आमची परीक्षा असेल.
(इ) मीने मुंब्रामध्ये दुकान पाहिली.
(ई) त्याने म्हणाला, “मी शाळामध्ये जातो.”

३. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतील फरक दाखवणारी प्रत्येकी दोन वाक्ये लिहा.

४. तुमच्या शाळेच्या फलकावरील एक मराठी सूचना उतरवून घ्या. तिच्यातील कोणते शब्द उर्दूतही आहेत? त्यांचे अर्थ सारखे आहेत की वेगळे, ते लिहा.

५. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या पाच ठिकाणांची नावे लिहा. त्यांना ‘त’, ‘ला’, ‘हून’ हे प्रत्यय लावून वाक्ये तयार करा.